गच्ची एक, ऊन एक: पाणी तापवावे की वीज काढावी?

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या गच्चीवर आज पाणी तापवण्याच्या सौर संचांची एखादी रांग असते. बांधकामाच्या वेळी बिल्डरने ती बसवून दिलेली असते, तिच्यातल्या काही नळ्या फुटलेल्या असतात, आणि ‘मास्टर बाथरूमला सोलरचे पाणी’ हे जाहिरातीतले वाक्य फ्लॅटधारकांना अजून आठवत असते. गेल्या दोन-तीन वर्षांत याच गच्चीवर विजेचे पॅनेल बसवण्याची चर्चा सुरू झाली आहे, आणि जवळजवळ प्रत्येक सर्वसाधारण सभेत कोणीतरी विचारतेच, की जुने ‘सोलर’ काढून त्या जागी विजेचेच पॅनेल का लावू नयेत. आमच्याही सोसायटीत हा प्रश्न आला. चर्चा अनुदान आणि परतफेडीची वर्षे यांपुढे सरकेना, म्हणून त्यामागचे भौतिकशास्त्र मी आधी स्वतःपुरते नीट मांडून पाहिले. उष्णता आणि वीज या एकाच उन्हातून निघत असल्या, तरी त्या एका प्रतीच्या वस्तू नाहीत आणि त्या काढण्याच्या रीतीही अगदी वेगळ्या आहेत, हे एकदा ध्यानात आले की सभेतला निम्मा वाद मिटतो.

आधी ऊन किती मिळते ते पाहू. वातावरणाच्या बाहेर, सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १३६० वॅट ऊर्जा पडते. हवा, बाष्प आणि धूळ यांतून गाळून ती जमिनीवर पोहोचते तेव्हा निरभ्र दिवशी भर दुपारी साधारण १००० वॅट उरतात. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आणि पावसाळ्यातले ढग धरून वर्षाची सरासरी काढली, तर पुण्यात एका चौरस मीटरवर रोज पाच ते साडेपाच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, ऊर्जा पडते. हा आकडा लहान नाही. मध्यम कुटुंबाची दिवसभराची विजेची गरज जेवढी असते, जवळपास तेवढी ऊर्जा एका चौरस मीटरवर पडून जाते.

असे आकडे आपल्याला आज सहज मिळतात, आणि त्यामागच्या कामाचा मोठा भाग पुण्यात झालेला आहे, हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते. हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी १९४८ मध्ये इंग्लंडहून परतल्या आणि शिवाजीनगरला आपण ज्याला ‘शिमला ऑफिस’ म्हणतो त्या हवामान खात्यात उपकरणांच्या विभागात रुजू झाल्या. तोवर हवामानाची साधी उपकरणेही बाहेरून मागवावी लागत. ती इथल्या कार्यशाळेत बनू लागावीत म्हणून त्यांनी उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशभर सौर प्रारण, म्हणजे उन्हातून येणारी ऊर्जा, मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. या मोजणीचे मुख्य उपकरण म्हणजे पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती असते, ती उन्हाने तापते, आणि तिच्या व उपकरणाच्या थंड भागाच्या तापमानात पडणाऱ्या फरकामुळे धातूंच्या जोडांमध्ये किंचित विद्युतदाब तयार होतो; तो दाब मोजला की ऊन किती ते कळते. म्हणजे ऊन मोजणारे हे यंत्रच ऊन आधी उष्णतेत आणि मग विजेत बदलत असते. मात्र त्याची वीज मिलिव्होल्टमध्ये मोजावी लागते. उष्णतेतून वीज काढणे किती कष्टाचे असते, याची ती पहिली खूण समजावी.

ऊन किती पडते याच्याइतकेच ते कोणत्या कोनातून पडते हेही महत्त्वाचे आहे. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश उत्तर. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन दिवसांच्या दरम्यान तो दुपारी चक्क उत्तरेकडे असतो. याउलट डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर चढतो. वर्षभर जास्तीत जास्त वीज हवी असेल तर पॅनेल दक्षिणेकडे पंधरा ते वीस अंश कलते ठेवतात. गरम पाण्याची गरज मात्र थंडीत जास्त असते, म्हणून पाण्याचा संच त्याहून अधिक, तीस अंशांच्या आसपास कलता ठेवणे योग्य ठरते. त्याच ४८ अंशांमुळे तीन मीटर उंचीच्या लिफ्टच्या खोलीची सावली डिसेंबरात दुपारी बारा वाजताही उत्तरेकडे पावणेतीन मीटर लांब पडते, आणि सकाळी नऊ वाजता तर ती गच्चीचा मोठा भाग व्यापते. पाहणीला आलेला ठेकेदार एप्रिलमध्ये गच्ची बघून आराखडा काढत असेल, तर त्याला डिसेंबरची सावली आवर्जून विचारावी.

आता उष्णतेकडे वळू. उन्हाची उष्णता गोळा करणे अतिशय सोपे आहे. ती गोळा झाल्यावर निसटू न देणे अवघड आहे. स्वित्झर्लंडचे ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६७ च्या सुमारास काचेची झाकणे असलेल्या पेट्या उन्हात ठेवून प्रयोग सुरू केले, आणि पुढे सुधारलेल्या, चांगले आवरण घातलेल्या पेटीत तापमान १०० अंश सेल्सियसच्याही वर नेले. काच दृश्य प्रकाश आत येऊ देते. आतला काळा पृष्ठभाग तापून जी अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारी) उष्णता बाहेर टाकतो ती मात्र काचेतून पार होत नाही. तापलेली हवाही झाकणामुळे अडून राहते. आज गच्चीवर दिसणारा सपाट संच म्हणजे याच पेटीचे सुधारित रूप आहे. त्यात वर कडक केलेली काच, तिच्याखाली तांब्याचा पत्रा व त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या, आणि तळाशी उष्णतारोधक लोकरीचा थर असतो. पत्र्यावरचा लेप नुसता काळा नसतो. हा निवडक लेप येणाऱ्या उन्हापैकी ९० टक्क्यांहून अधिक शोषतो आणि स्वतः तापल्यावर अवरक्त किरण मात्र फारच थोडे सोडतो. साधा काळा रंग घेण्यात जेवढा तत्पर, तेवढाच देण्यातही तत्पर. लेपाची सगळी करामत या दोन गोष्टी वेगळ्या करण्यात आहे.

काचेच्या नळ्यांचा जो दुसरा प्रकार अलीकडे जास्त दिसतो, त्यात एकात एक अशा दोन काचनळ्या असतात आणि त्यांच्या मधली हवा काढून घेतलेली असते. निर्वात पोकळीतून उष्णता वाहून जात नाही, त्यामुळे थंडीच्या पहाटेही या नळ्या आतली उष्णता चांगली धरून ठेवतात. दोन्ही प्रकारांत पाणी फिरवायला सहसा पंप लागत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि थंड पाणी त्याच्या जागी खाली उतरते, म्हणून टाकी नेहमी पॅनेलच्या वरच्या अंगाला असते. या संचांचा पुण्यातला खरा शत्रू ढग नसून बोअरचे आणि टँकरचे पाणी आहे. त्यातले क्षार नेमके तापलेल्या पृष्ठभागावर जमतात. तांब्याच्या बारीक नळ्या त्यांनी आतून अरुंद होत जातात, काचनळ्यांच्या तळाशी पांढरा चुरा साचतो, आणि ‘सोलर चालत नाही’ अशी तक्रार सुरू होते. ज्या भागात महापालिकेचे पाणी पुरेसे येते तिथे तेच संच वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात.

यातला हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शंभर लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण चार युनिट उष्णता लागते. दोन चौरस मीटरच्या पॅनेलवर दिवसाला दहा युनिट ऊन पडते असे धरले आणि त्यातले निम्मे पाण्यात उतरले, तर पाच युनिट मिळतात. म्हणजे शंभर लिटरच्या संचाला दोन चौरस मीटर पुरतात, आणि बाजारातले संच साधारण याच मापाचे असतात. तांब्याच्या बंबात लाकडे आणि गोवऱ्या घालून तापवलेल्या पाण्याने अंघोळ केलेली पिढी अजून आपल्यात आहे; त्या पिढीला पन्नास टक्के कार्यक्षमतेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

साठ अंशांचे पाणी अंघोळीला उत्तम. त्यातून वीज काढायची म्हटली तर मात्र निसर्गच हात आखडता घेतो. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राची कमाल कार्यक्षमता उष्ण आणि थंड बाजूंच्या तापमानांवर ठरते, हे सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच दाखवले. साठ अंशांचे पाणी आणि सत्तावीस अंशांची हवा यांच्यामध्ये आदर्श यंत्र चालवले, तरी दहा टक्क्यांपलीकडे काही हाती लागत नाही. प्रत्यक्षातले यंत्र त्याच्या निम्मेही देणार नाही. चारशे अंशांवर हीच मर्यादा पंचावन्न टक्क्यांवर जाते. म्हणून उष्णतेच्या वाटेने वीज काढायची तर ऊन आधी एकवटावे लागते. हा उद्योग आपल्याकडे वाटतो त्याहून जुना आहे. मुंबईत सरकारी नोकरीत असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८७८ च्या सुमारास कुलाब्याला सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून सगळ्यांचा प्रकाश एका बाष्पकावर (बॉयलरवर) पाडला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे यंत्र चालवून दाखवले. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओग्युस्तँ मूशो यांचे सौर वाफयंत्र मांडलेले होते. दोन्ही प्रयत्न कोळशाच्या स्वस्ताईपुढे टिकले नाहीत.

आज अशा केंद्रांत अन्वस्ताकार (पॅराबोलिक) आरशांच्या लांबच लांब पन्हळी असतात आणि त्यांच्या नाभीरेषेवरून, म्हणजे प्रकाश जिथे एकवटतो त्या रेषेवरून, तेलाची नळी जाते. किंवा शेकडो आरसे एका मनोऱ्याच्या माथ्यावर प्रकाश टाकतात. सोडियम व पोटॅशियम नायट्रेटचे वितळलेले क्षार ५६५ अंशांपर्यंत तापवून टाकीत साठवता येतात आणि त्यांच्यावर रात्रीही टर्बाइन फिरवता येते. स्पेनमधले २०११ साली सुरू झालेले सुमारे २० मेगावॉटचे हेमासोलार केंद्र सूर्यास्तानंतर पंधरा तास चालेल इतकी उष्णता साठवू शकते. राजस्थानातही पन्हळीच्या आरशांचे ५० मेगावॉटचे केंद्र २०१३ पासून आहे. पुण्यात मात्र हा मार्ग व्यवहार्य नाही. आरशाला सूर्याकडून थेट येणारेच किरण एकवटता येतात, ढगांतून आणि धुळीतून विखुरलेला प्रकाश येत नाही, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे बहुतांश विखुरलेलाच प्रकाश असतो.

वीज हवी नसून नुसती वाफच हवी असेल, तर गणित पुन्हा बदलते. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ मध्ये प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ शेफलर तबकड्या, म्हणजे ऊन एका जागी एकवटणारे तबकडीसारखे आरसे, बसवल्या गेल्या. त्या सूर्याबरोबर फिरतात, त्यांची नाभी मात्र जागची हलत नाही, आणि तिथे तयार होणाऱ्या वाफेवर भात आणि डाळ शिजते. मला ही योजना फार आवडते. उष्णतेचे काम उष्णतेनेच करून घेतल्यामुळे मधल्या रूपांतराचा तोटाच उरत नाही.

विजेचे पॅनेल उष्णतेचा टप्पाच वगळते, तो वेगळ्या रीतीने: त्यात काही उकळत नाही, काही फिरत नाही. एदमाँ बेकरेल यांना १८३९ मध्ये प्रकाशाने विद्युतदाब निर्माण होतो असे दिसले. चार्ल्स फ्रिट्स यांनी १८८३ मध्ये सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर देऊन घट (सेल) बनवला, त्याची कार्यक्षमता जेमतेम एक टक्का होती. खरा आरंभ १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत झाला. तिथे चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सहा टक्के कार्यक्षमतेचा घट करून दाखवला. सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या एका बाजूला फॉस्फरसचे आणि दुसऱ्या बाजूला बोरॉनचे अत्यल्प अणू मिसळले, की दोन्ही थरांच्या सीमेवर एक कायमचे विद्युतक्षेत्र तयार होते. प्रकाशाचा कण आत शिरून इलेक्ट्रॉनला जागेवरून सोडवतो. ते क्षेत्र इलेक्ट्रॉनला एका बाजूला आणि त्याने सोडलेल्या रिकाम्या जागेला दुसऱ्या बाजूला लोटते. बाहेरून तार जोडली की प्रवाह वाहू लागतो. एका घटातून अर्ध्या व्होल्टच्या आसपासच दाब मिळतो, म्हणून असे अनेक घट एकापुढे एक जोडून पॅनेल बनवतात. घट साखळीने जोडलेले असल्यामुळेच एका घटावर पडलेली सावली किंवा कबुतराची विष्ठा पॅनेलच्या मोठ्या भागाचे उत्पादन पाडते.

इलेक्ट्रॉन सोडवायला सिलिकॉनमध्ये १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. त्याहून कमी ऊर्जेचे अवरक्त किरण निरुपयोगी ठरतात, आणि निळ्या-जांभळ्या किरणांतली जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. या कारणांमुळे एका जोडाच्या, म्हणजे थरांची अशी एकच सीमा असलेल्या, घटाची कमाल मर्यादा सुमारे ३३ टक्के येते. शॉक्ली आणि क्वायसर यांनी ती १९६१ मध्ये मांडली. आज बाजारातले चांगले पॅनेल २० ते २३ टक्क्यांवर आहे, म्हणजे मर्यादेच्या दोनतृतीयांशापर्यंत आपण पोहोचलो आहोत. बाकीचे ऊन पॅनेलला तापवते, आणि तापलेले पॅनेल कमी वीज देते. प्रत्येक अंशामागे वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी कमी होते, आणि हे नुकसान २५ अंशांपासून मोजायचे असते. एप्रिलमध्ये हवा ३८ अंशांवर असताना गच्चीवरचे घट सहज ६५ अंशांवर जातात, म्हणजे दुपारी बारा ते सोळा टक्के वीज याच कारणाने जाते. पॅनेलच्या खालून वारा खेळता ठेवणे त्यासाठी आवश्यक आहे. ‘ऊन जितके कडक तितकी वीज जास्त’ ही समजूत म्हणूनच अर्धवट खरी आहे. लख्ख पण थंड हवेचा फेब्रुवारीतला दिवस मे महिन्यातल्या धुरकट, तापलेल्या दिवसाला सहज टक्कर देतो.

पॅनेलमधून एकदिश (डीसी) प्रवाह येतो, इन्व्हर्टर तो प्रत्यावर्ती (एसी) करतो आणि महावितरणच्या जाळ्याशी त्याची गाठ घालतो. दिवसा जास्तीचे युनिट बाहेर जातात, रात्री तेवढे परत येतात, आणि नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते तेव्हा गच्चीवर लख्ख ऊन असूनही घरात पंखा फिरत नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. जाळे बंद पडताच असा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरी जोडल्याशिवाय ही अडचण सुटत नाही.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवू. दोन चौरस मीटरच्या पाण्याच्या संचातून रोज पाच युनिट उष्णता मिळते. तेवढ्याच जागेतल्या विजेच्या पॅनेलमधून, तापमान, धूळ आणि तारांमधले नुकसान वजा जाता, सुमारे पावणेदोन युनिट वीज मिळते. ती गीझरमध्ये घातली तर पावणेदोन युनिटच उष्णता होईल, म्हणजे संचाच्या एकतृतीयांश. इथपर्यंतचा निकाल उघड आहे: पाणीच तापवायचे असेल तर विजेचा वळसा घेऊ नये. पण तीच वीज हीट पंपाला दिली, तर तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून एका युनिटामागे तीन युनिट पाण्यात घालतो, आणि बेरीज पुन्हा पाचवर येते. त्याशिवाय एप्रिल-मे मध्ये गरम पाण्याला फारसे कोणी हात लावत नाही, तेव्हा संचाची उष्णता टाकीतच राहून वाया जाते. वीज मात्र नेट मीटरवर जमा होत राहते. आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्या युनिटांना कमी दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा फार मोठा संच बसवण्यात अर्थ नाही, तरी जमा झालेले युनिट पावसाळ्यात निम्म्यावर आलेले उत्पादन बरेच भरून काढतात.

यावरून माझे मत असे झाले आहे, की बंगला किंवा दोन-तीन मजली जुनी इमारत असेल, पाणी मऊ असेल आणि गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतची नळी लहान असेल, तर पाण्याच्या संचाला आजही तोड नाही. तो स्वस्त आहे, गुरुवारी बंद पडत नाही आणि महापालिकेच्या मालमत्ता करातल्या सवलतीलाही पात्र आहे. दहा-बारा मजली इमारतीचे चित्र वेगळे आहे. गच्चीवर तापलेले पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरेतो नळीतले थंड झालेले पाणी दोन-दोन बादल्या ओतून द्यावे लागते, आणि ज्या शहरात उन्हाळ्यात टँकर लागतात तिथे हा अपव्यय उष्णतेच्या बचतीपेक्षा महाग पडतो. गच्चीचा वाटा तिथे दर कुटुंबामागे इतका थोडा येतो, की सगळ्यांचे पाणी तापवणे जमत नाही. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचे सामाईक बिल मात्र बरेच उतरवता येते. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॅट आणि त्यापुढील संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत, तर गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. तोही आकडा सभेपुढे ठेवावा, मात्र सावलीचा नकाशा काढून झाल्यावर.

आमच्या सोसायटीने शेवटी वरच्या दोन मजल्यांना पाणी देणारे चालू संच तसेच ठेवले, खालच्या मजल्यांची बंद पडलेली रांग भंगारात काढली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर, माणूस खालून उभ्याने जाऊ शकेल इतक्या उंच लोखंडी सांगाड्यावर, विजेचे पॅनेल घेण्याचे ठरवले. कबुतरांसाठी जाळी आणि पॅनेल धुण्यासाठी महापालिकेच्या पाण्याची वेगळी नळी यांचा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. तो आता धरला आहे.